पेरूच्या नावाचा माग कसा काढायचा

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही आहे. तिच्या कडेला तेलाचे डाग पडलेत, कारण ती गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांशेजारी असायची. मी चोवीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो, आधी मेसमन, मग सेकंड कूक, शेवटची तेरा वर्षं चीफ कूक. बंदरात शिप चँडलर, म्हणजे जहाजांना सामान पुरवणारा व्यापारी, माल पाठवायचा तो पाठवायचाच, पण उतरायला मिळालं की मी स्वतः बाजारात जायचो. फळवाल्यापुढे उभं राहायचं तर निदान फळाचं नाव तरी यायला हवं, म्हणून ही वही सुरू झाली. त्यात सगळीच फळं आहेत, पण पेरूने एकट्याने अकरा पानं घेतली.

आता मी वेंगुर्ल्यात घरी असतो. माझ्या पुतणीने गेल्या महिन्यात ती वही पाहिली आणि म्हणाली, "काका, मला फणसाचं असंच करायचंय. सुरुवात कुठून करू?" तिला तोंडी जे सांगितलं तेच इथे नीट मांडतो. उदाहरण पेरूचं घेतो, पण पद्धत कुठल्याही फळाला चालेल.

आधी फळ कापा

पुस्तकाला हात लावण्याआधी फळ हातात घ्या. देठाच्या उलट टोकाला फुलाचा सुकलेला मुकुट दिसेल. तो डाळिंबालाही असतो. आकार पाहा, काही पेरू गोल असतात, काही देठाकडे निमुळते. मग फोड करा आणि सालीलगतचा गर जिभेने टाळूवर घासा, बिया नकोत. बारीक रवा लागतो. नाशपाती खाताना लागतो तो हाच. दोन्ही फळांच्या गरात कठीण झालेल्या पेशींचे पुंजके असतात, त्यामुळे जीभ त्यांना जवळची मानते.

हे कशासाठी? ज्याने आयुष्यात पेरू पाहिला नव्हता त्याने पहिल्यांदा तो हातात घेतला, तेव्हा त्याच्याकडे नाव नव्हतं, फक्त आधी खाल्लेल्या फळांची आठवण होती. तो म्हणणार, "हे अमक्यासारखं आहे." तो अमका कोण, हे तुम्ही स्वतः चाखून अंदाजाने लिहून ठेवा. मी लिहिलं होतं: नाशपाती, डाळिंब, जांभूळ. पुढच्या वर्षांत ही तिन्ही मला कुठल्या ना कुठल्या भाषेत भेटली, आणि ज्यांचा मी विचारही केला नव्हता अशी आणखी तीन.

पेरू मूळचा उष्ण अमेरिकेतला. मेक्सिकोतले नाहुआत्ल बोलणारे लोक त्याला शाल्शोकोत्ल म्हणत. शाल्ली म्हणजे वाळू, शोकोत्ल म्हणजे आंबटसर फळ. वाळूचं फळ! जिभेवरचा तो रवा त्यांनी थेट नावातच घातला. हा शब्द मला कळला त्या दिवशी मी गॅलीत उभ्या उभ्या पुन्हा एक पेरू कापून खाल्ला.

विचारायचं कसं

इथे बहुतेक जण चुकतात. मीही चुकलो. कोलंबोत पहिल्या वेळी मी फळवाल्याला विचारलं, "ग्वावा?" तो हसून म्हणाला, "ग्वावा, ग्वावा." मी तेच लिहून घेतलं आणि परत आलो. माणूस गिऱ्हाइकाला दुखवत नाही, तुम्ही जो शब्द द्याल तोच परत देतो. पुढच्या खेपेला मी काहीच बोललो नाही, फळ उचललं आणि भुवया उंचावल्या. तेव्हा तो म्हणाला, "पेर." आमच्या गोव्यातल्या कोंकणीतलाच शब्द, कोलंबोच्या फळवाल्याच्या तोंडी. मी हातातलं फळ खाली ठेवायचं विसरलो.

तेव्हापासूनचा माझा नियम: फळ दाखवा, आपला शब्द देऊ नका. विकणाऱ्याला त्याची घरची भाषा विचारा, कारण बंदरातला माणूस बरेचदा दुसऱ्याच मुलखातून आलेला असतो. घरातली म्हातारी माणसं काय म्हणतात ते विचारा. आणि फक्त फळाचं नाव घेऊन निघू नका. झाडाला काय म्हणता? कच्च्याला काय? त्याचा गोड पदार्थ करता का, आणि त्याचं नाव काय? शेवटचा प्रश्न कधीच गाळू नका. फळाचं नाव बदलतं, पण पदार्थाचं नाव हट्टी असतं. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

लिहिताना देवनागरीतच लिहा. ऐकू आलं तसं, ऱ्हस्व-दीर्घ, ट-त, स-श सांभाळून. आपल्या लिपीत हे सगळं नेमकं उतरतं, रोमन अक्षरांत निम्मं हरवतं. शेजारी गाव, तारीख, माणसाची घरची भाषा. नाव-पत्ता नको.

आणि यासाठी बोटीवरच जावं लागतं असं नाही. माझ्या वहीतल्या दोन सर्वांत मोलाच्या नोंदी घरबसल्या मिळाल्या. उल्हासनगरला माझ्या बहिणीच्या शेजारी एक सिंधी आजी होत्या, फाळणीनंतर लारकान्याकडून आलेल्या. मी पेरू घेऊन गेलो होतो, तर म्हणाल्या, "अरे वा, जैतून!" जैतून म्हणजे ऑलिव्ह. सिंधीत पेरूला जैतून म्हणतात. लारकान्याचे पेरू कसे असत ते त्या आजी अर्धा तास सांगत होत्या. दुसरी नोंद बहिणीच्याच इमारतीतल्या नेपाळी वॉचमनची. तो गावाहून येताना अम्बा आणीन म्हणाला होता. मला वाटलं आंबे. पिशवीतून निघाले पेरू. नेपाळीत अम्बा म्हणजे पेरू, आणि आपल्या आंब्याला ते आँप म्हणतात. पुढे कळलं की आसामीतही पेरू मधुरी आमच आहे.

शब्दांचे ढीग करा

पुरेशी नावं जमली की भाषांची यादी करत बसू नका. मराठी हे, हिंदी ते, तमिळ अमुक, अशी यादी दिसायला छान, पण ती काहीच बोलत नाही. त्यापेक्षा नावं छोट्या चिठ्ठ्यांवर लिहा, जमिनीवर पसरा आणि आवाजाच्या नात्याने ढीग लावा. मी हे मेस रूमच्या टेबलावर केलं, जहाज नांगरावर असताना.

पहिला ढीग मूळ घराचा. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या शब्दावरून स्पॅनिशमध्ये ग्वायाबा, पोर्तुगीजमध्ये गोयाबा, फ्रेंचमध्ये गोयाव्ह, इंग्रजीत ग्वावा, अरबीत जवाफा, फिलिपिन्समध्ये बायाबास. तमिळ कोय्या मी याच ढिगात ठेवतो. आमचा सेकंड कूक तुतिकोरिनचा होता. त्याने मला त्यांच्याकडची गंमत सांगितली: तमिळमध्ये 'कोय' म्हणजे तोडणे, आणि 'कोय्या' म्हणजे न तोडलेलं. म्हणून फळ तोडून हातात आलं तरी ते 'न तोडलेलं फळ'च. लोकांनी परका शब्द आपल्या भाषेत असा रुजवून घेतला. शब्दाचा उगम तिथे नाही, पण शब्दावरची माया तिथे आहे, म्हणून असल्या गोष्टीही वहीत लिहा. फक्त वेगळ्या शाईने.

दुसरा ढीग जंबूचा. मलयमध्ये जांबू बातू, म्हणजे दगडी जांबू. इंडोनेशियात जांबू बिजी, बियांचा जांबू. गुजरातीत जामफळ, तेलुगूत जामकाय, आणि आपल्या विदर्भात जाम. मुळाशी संस्कृतातली जंबू, आपली जांभूळ. या ढिगाबद्दल मला विशेष आदर आहे. पेरू आणि जांभूळ वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात खरोखरच एका कुळातले आहेत. ज्यांनी पेरूला जंबूच्या घरात बसवलं, त्यांनी त्याला योग्य घरी बसवलं. मुंबईत मात्र जाम म्हटलं की पांढरं, पाणीदार, घंटेसारखं फळ समोर येतं. नागपूरच्या माणसाने मुंबईत जाम मागितला तर भलतंच फळ मिळेल. चूक कोणाचीच नाही. नोंद करताना "नागपूरकडे चुकून जाम म्हणतात" असं कधीही लिहू नका.

तिसरा ढीग परक्यांचा. थायलंडमध्ये पेरूला फरांग म्हणतात. तोच शब्द गोऱ्या माणसालाही. बँकॉकच्या बाजारात बाई फरांग फरांग म्हणाली, तेव्हा मला वाटलं माझ्यामागे उभ्या असलेल्या आमच्या युरोपियन चीफ इंजिनिअरकडे ती बोट करतेय. शब्द आपल्या ओळखीचा आहे: आपला फिरंगी. फ्रँक लोकांवरून फारसीत फरंग, तिथून इकडे फिरंगी आणि तिकडे फरांग. आपल्याकडे तर तलवारीचं नावही फिरंग. चिनी भाषेत पेरू म्हणजे फान शिल्यू, परक्या मुलखातलं डाळिंब. इथे तो मुकुट आठवा. पेरूचं शास्त्रीय नाव सिडियम, तेही डाळिंबाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं. चिनी माणसाने आणि युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकमेकांना न विचारता एकाच मुकुटाकडे पाहिलं.

चौथा ढीग नाशपातीचा. बाकीच्या मार्गदर्शनाचा जीव यातच आहे.

ढीग नकाशावर ठेवा

हिंदीत अमरूद. शब्द फारसी, आणि फारसीत अमरूद म्हणजे नाशपाती. मध्य प्रदेशात काही भागांत पेरूला बिही म्हणतात, तोही फारसी, बिही म्हणजे क्विन्स हे नाशपातीच्याच गोतातलं फळ. म्हणजे उत्तरेत, फारसीच्या छायेत, पेरू नाशपाती झाला.

आता समुद्राची चिठ्ठी घ्या. पोर्तुगीजमध्ये नाशपातीला पेरा म्हणतात. गोव्यात कोंकणीत पेर. किनारी कर्नाटकात पेरळे, पण आत म्हैसूरकडे सीबे. मलयाळममध्ये पेरक्का. सिंहलीत पेर. बंगालीत पेयारा. आणि अरबी समुद्राच्या पलीकडे मोंबासात, स्वाहिलीत, पेरा, झाडाला म्पेरा. मराठीत पेरू.

भिंतीवरच्या नकाशावर या गावांना टाचण्या लावा. गोवा, मंगळूर, कोची, कोलंबो, हुगळी, मोंबासा. हे सगळे पोर्तुगीजांचे किनारे. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, १५१० मध्ये गोवा त्यांच्या हातात गेलं. अमेरिकेतली फळं त्यांच्या जहाजांतून या बंदरांना उतरली. खलाशी बाजारात उभा राहून फळाचं नाव पोर्तुगालच्या पुस्तकात शोधत नाही. तो म्हणाला असेल, "पेरा," म्हणजे आपल्या घरची नाशपाती. किनाऱ्यावरच्या बायाबापड्यांनी ते ऐकलं आणि ठेवून घेतलं. त्याच्या देशात मात्र फळ गोयाबाच राहिलं. मी स्वतः जहाजी असल्यामुळे मला हे अगदी डोळ्यांसमोर दिसतं: परक्या बंदरात हातवारे करून, आपल्याला येतो तो शब्द पुढे करणारा माणूस.

ढिगातली नावं नकाशावर एका ओळीत पडली की समजा, ती कुणीतरी त्या वाटेने वाहून नेली आहेत. विखुरलेली पडली तर साम्य योगायोगाचं असू शकतं. या एका कसोटीने निम्मं काम होतं.

आवाजाच्या मोहात पडू नका

"पेरू पेरू देशातून आला म्हणून पेरू." हे मी शाळेत ऐकलं, तुम्हीही ऐकलं असेल. कानाला पटतं, आणि देश अमेरिकेतलाच, त्यामुळे डोक्यालाही पटतं. अशा वेळी तीन गोष्टी विचारा.

ज्यांनी फळ आणलं त्यांच्या भाषेत हा शब्द या फळाला होता का? पोर्तुगीजमध्ये पेरू म्हणजे टर्की पक्षी. होय, देशाच्या नावावरूनच, पण पक्षी. फळाला त्यांनी तसं म्हटलेलं नाही. शेजारच्या भाषांत काय आहे? पेर, पेरक्का, पेयारा. देशाचा ऊकार यांतल्या एकातही नाही, तो फक्त आपल्याकडे. लिंबू, काजू यांच्या रांगेत बसताना आपण तो लावला, असं मी मानतो. आणि तिसरी, सगळ्यात भक्कम: पदार्थाचं नाव काय?

दर डिसेंबरात मी वेंगुर्ल्याहून म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला जातो. नाताळाच्या आधी तिथे बायका घरी केलेली गोडं घेऊन बसतात, दोदोल, बेबिंक, आणि लालसर, चिवट, चौकोनी वड्या. पेरूचा गर साखरेत आटवून, तुपाचा हात लावलेल्या ताटात थापून कापलेल्या. इंग्रजीत त्याला ग्वावा चीज म्हणतात, पण विकणारी बाई म्हणते पेराद. पोर्तुगीजांकडे फळ आटवून केलेल्या गोडाला असंच नाव देतात: मार्मेलो म्हणजे क्विन्स, त्याची मार्मेलादा, गोयाबाची गोयाबादा, आणि पेराची पेरादा. ब्राझीलच्या सांतोस बंदरात मी गोयाबादा खाल्ली आहे, चीजच्या तुकड्याबरोबर देतात. चव तीच, वडी तीच. तिथे तिचं नाव गोयाबादा आणि म्हापशात पेराद. गोव्यात नाशपाती कुठे होते? तरी पेरूच्या वडीला नाशपातीच्या वडीचं नाव मिळालं. म्हणजे गोव्यात पेरा हाच पेरू होता. पेरू देशाचा प्रश्न माझ्यापुरता त्या वडीने निकाली काढला.

म्हणूनच म्हटलं, पदार्थ विचारायला विसरू नका.

जुना मजकूर आणि कोश

जुन्या मजकुरात नाव सापडलं की आनंद होतो, पण तिथेच थांबून पाहा की त्या काळी त्या शब्दाचा अर्थ काय होता. मुघल काळातल्या फारसी लिखाणात काबूल-काश्मीरच्या फळांबरोबर अमरूद दिसलं, तर ती नाशपाती आहे. त्यावरून पेरू भारतात आधीपासून होता असं म्हणायला जाल तर फसाल. अननसाच्या इंग्रजी नावाचंही तसंच आहे: पाइनॲपल म्हणजे पूर्वी पाइनच्या झाडाचं बोंड. शब्द जागच्या जागी राहतो आणि आतलं फळ बदलतं.

कोशांत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जवळ ठेवा. पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली दुसरी १८५७ ची, आणि ती इंटरनेटवर फुकट चाळता येते. आजचा अर्थ आणि तेव्हाचा अर्थ ताडून पाहायला त्यासारखं साधन नाही. परक्या शब्दांसाठी मोन्सिन्योर (ही पाद्र्यांची पदवी) सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचं पुस्तक. ते म्हापशाजवळच्या आसगावचे, म्हणजे ज्या बाजारात मी पेराद घेतो तिथून चार पावलांवरचे. पोर्तुगीज शब्द आशियातल्या भाषांत कुठे कुठे मुरले, याची मांडणी त्यांनी १९१३ मध्ये केली. १९३६ मध्ये बडोद्याहून तिचा इंग्रजी अनुवाद निघाला. कोश मात्र शेवटी उघडा. आधी उघडलात तर बाजारात तुम्ही कोशातलेच शब्द शोधाल, आणि उल्हासनगरच्या आजींचं जैतून ऐकू येणार नाही.

आणखी एक. नावात गावाचं नाव असलं म्हणजे फळ तिथेच जन्मलं असं नाही. आपल्याकडे घरोघरी खाल्ला जाणारा सरदार पेरू, त्याचं दुसरं नाव लखनौ ४९. तो निवडून काढला पुण्याला, गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात, १९२७ साली. बी लखनौहून आलं होतं, म्हणून नाव लखनौचं. नाव देणाऱ्याने जे लक्षात ठेवलं तेवढंच नावात उरतं.

पुतणीने फणसाचं पहिलं पान मला आणून दाखवलं. मलयाळममध्ये चक्का, त्यावरून पोर्तुगीज जाका, त्यावरून इंग्रजी जॅक, सगळं बरोबर होतं, आणि सगळं मोबाइलवरून घेतलेलं होतं. मी तिला पान उलटायला सांगितलं आणि मागच्या बाजूला आपल्या घरातलेच शब्द आधी लिहायला लावले: कुयरी, कापा, बरका, गरा, आठळी, चारखंड. चारखंडावर ती अडली, तिने तो शब्द ऐकलाच नव्हता. वहिनी आतून ओरडल्या, "अगं, गायीला घालतो ते!" तारीख टाकून, शेजारी 'आई, वेंगुर्ला' असं लिहून तिने तो उतरवून घेतला.